काळ्या टेकडीचा वाद

शांतीभाऊ, वाद अर्धा टाकून उठून जायची तुमची रीत नव्हती. साक्रीच्या स्टँडवर गाडी सुटायला आलेली, कंडक्टर घंटी मारतोय, आणि तुम्ही एक पाय पायरीवर ठेवून मला म्हणायचात, "ताई, तुमचं ऐकून घेतलं. पण पटलं नाही." मी खालून ओरडायची, "नका पटवून घेऊ! पुढच्या खेपेला बघते." आता पुढची खेप नाही. हे काही बरं केलं नाहीत तुम्ही.

बातमी मला त्याच कंडक्टरनं दिली. सुटीचे दोन दिवस देवपूरला आईकडे काढून सोमवारी सकाळी साक्रीला परत चालले होते. तिकीट फाडता फाडता तो म्हणाला, "बाई, तुमचे काचवाले शेठ गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच असं विचारलं मी. तुम्ही सतत कुठे ना कुठे जातच असायचात. कधी चाळीसगाव, कधी शिरपूर, कधी आणखी कुठलं आडगाव. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा मला कळलं.

जळगावात तुमच्या घराण्याचं कापडाचं दुकान. भाऊ, पुतणे, सगळे गादीवर बसून वार मोजणारे. तुम्ही एकटे निराळे निघालात. दुकानामागच्या खोलीत तुमची भिंगं, लोलक, तराजू, चुंबक, होकायंत्रं. "आमच्याकडे सगळे कापड विकतात, मी काचा विकतो. म्हणून घरचे मला जरा जपूनच हात लावतात," असं म्हणून स्वतःच हसायचात. शाळांना पदार्थविज्ञानाचं सामान पुरवणारे दुकानदार काय कमी होते? पण सामान पोचल्यावर, ते पोरांच्या हातात पडलं की नाही हे बघायला पुन्हा येणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि जीवशास्त्राच्या सरांनी बेडूक कापायची पेटी मागितली, तेव्हा तुम्ही दोन्ही कानांना हात लावलेत. "सर, मी जैन माणूस. सुई मागा, ती उत्तर दाखवणारी देईन. टोचणारी नाही देणार."

पहिल्या भेटीतच आपलं वाजलं होतं, आठवतं? मी शाळेत नवीन विज्ञानाची बाई. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्यात एक काचेच्या दारांचं कपाट. त्याला भलं मोठं कुलूप आणि किल्ली हेडसरांच्या कोटाच्या आतल्या खिशात. सामान डेडस्टॉकच्या सरकारी नोंदवहीवर चढलेलं. काही फुटलं तर वर जाब द्यावा लागतो, या धास्तीनं हेडसर पोरांना काचेबाहेरूनच सगळं दाखवायचे. कपाट उघडायचं वर्षातून एकदा, खंडेनवमीला. तेव्हा सगळी उपकरणं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं, नारळ, आणि प्रसाद वाटून झाला की पुन्हा आत.

तुम्ही एक भिंग उचललंत. मधोमध कुंकू वाळून बसलेलं. ते धोतराच्या सोग्यानं पुसत तुम्ही मला म्हणालात, "ताई, याची पूजा झालेली दिसते. पण यातून कोणी बघितलंय का?"

मला असा राग आला! म्हटलं, हा कोण उपटसुंभ, येऊन चार घटका झाल्या नाहीत आणि मला शिकवतोय. "मी आत्ता आलेय हो," मी फणकारले, "जे विचारायचं ते हेडसरांना विचारा." तर तुम्ही खरंच उठलात आणि गेलात विचारायला.

हेडसर काही साधे नव्हते. त्यांनी तुमचं सगळं ऐकलं आणि अट घातली. "कपाट उघडं ठेवतो. पोरं हाताळू देत. पण तुमच्या सामानातली एक वस्तू जरी खोटी निघाली, तर कुलूप लागेल, आणि मी रिटायर होईपर्यंत ते निघणार नाही."

"मंजूर," तुम्ही म्हणालात. "मोडलं तर दुरुस्त करून देईन. खोटं निघालं तर या शाळेत पाय ठेवणार नाही."

मग काय सांगू भाऊ, शाळेचं रूपच पालटलं. आजूबाजूच्या पाड्यावस्त्यांवरून चालत येणारी पोरं मधल्या सुटीत प्रयोगशाळेत घुसायला लागली. कमल नावाची एक पोर होती, बुटकी, तोंडाची भारी फटकळ. भिंगातून शाळेची इमारत भिंतीवर पाडली तर ती किंचाळली, "बाई, शाळा उलटी टांगेल शे!" सगळा वर्ग मान उलटी करून बघायला लागला. भिंगं घासली, एक-दोन लोलकांचे कोपरे उडाले, थर्मामीटर फुटला. तुम्ही रुईत गुंडाळलेलं नवं सामान घेऊन यायचात आणि फुटकं बघून खूश व्हायचात. "वापरलंय, वापरलंय," म्हणायचात. हेडसर कपाळाला हात लावायचे.

तराजूचं तेवढं दुखणं होतं. लाकडी टेबलावर ठेवला की शेजारून कोणी पाय आपटत गेलं तरी काटा नाचायचा. तुम्ही म्हणालात, "सर, खोलीत दगडी ओटा बांधून घ्या. हलणार नाही, डुलणार नाही." हेडसरांनी ऐकलं. गावाबाहेर ती काळी टेकडी आहे ना, कोणी भिंतच बांधून ठेवलीय असं वाटावं अशी सरळ, तिच्यावरचे दगड गवंड्यानं आणले. ओटा असा झाला की लग्नाचं वऱ्हाड नाचलं तरी तराजू ढिम्म हलणार नाही. पुढच्या खेपेला तुम्ही त्यावर हात फिरवून मला म्हणालात, "याला म्हणतात काम." हो, तुमचंच वाक्य आहे हे.

आणि मग चुंबकाचा धडा आला. पहिलीच पायरी: ओट्यावर होकायंत्र ठेवायचं, सुई उत्तरेला थांबली की खडूनं रेघ मारायची. सुई थांबली ती हेडसरांच्या खोलीकडे तोंड करून. उत्तर कुठे आहे ते पोरांना पाठ होतं. गावातलं पोर दिशा चुकत नाही. कमल सुईकडे बघत म्हणाली, "बाई, हाई सुई येडी शे." मी दुसरं होकायंत्र दिलं, तिसरं दिलं. "बठ्ठ्या येड्या शेतस!" सगळ्याच वेड्या, असं तिनं जाहीर करून टाकलं, आणि नेमके तेव्हाच हेडसर दारात.

शाळेची तपासणी तोंडावर आली होती. जिल्ह्याचे साहेब येणार, प्रयोगशाळा बघणार. हेडसर एवढंच म्हणाले, "बोलवा तुमच्या शेठला. कुलूप मी घासूनपुसून ठेवलंय." मला रात्रीचं जेवण गेलं नाही. कारण कपाट बंद झालं असतं तर ते एकट्या आमच्या शाळेत थोडंच थांबलं असतं? आसपासच्या शाळांचे हेडमास्तर आमच्याकडे बोट दाखवूनच तर उघडं ठेवत होते. मी तुम्हाला कार्ड टाकलं: तुमच्या सुया तुमच्यासारख्याच हेकट निघाल्या, ताबडतोब या.

आलात. पत्र्याची ट्रंक घेऊन आलात! मी दारातच तोफ डागली, "लोखंडाच्या पेटीत सुया घालून हिंडता आणि वर म्हणता सुई खोटी नाही?" तुम्ही बिचारे ट्रंक थेट फाटकाबाहेर ठेवून आलात. सुई तशीच. मग आपण पोरींच्या केसांतल्या पिना काढायला लावल्या. हेडसरांच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा बाहेर नेऊन ठेवला. बाकांचे खिळे बघितले. सुई आपली हेडसरांच्या खोलीकडे. शेवटी तुम्ही ते होकायंत्र हातात घेऊन मैदानात गेलात, तर बाहेर ती शहाण्यासारखी उत्तरेला उभी.

"म्हणजे सुई खरी आहे," तुम्ही म्हणालात, "पण खोलीत काहीतरी आहे."

हेडसर म्हणाले, "खोलीत काही नाही. वास्तुशांत झालेली आहे."

आपलं दुसरं भांडण तिथेच सुरू झालं. हेडसरांचं म्हणणं, साहेब येतील तेव्हा पोरांनी खरी उत्तर दाखवावी, सुई काही का म्हणेना. मलाही वाटत होतं, लहान पोरं, उगाच गोंधळतील. तुम्ही ऐकायला तयार नाही. "ताई, सुई दाखवते ते लिहायचं. पटलं नाही तर का ते शोधायचं. पण दाखवलं एक आणि लिहिलं दुसरं, मग कपाट उघडं ठेवून उपयोग काय?" मी चिडून म्हटलं, "शोधा मग! उभे काय आहात?"

तोडगा काढला पोरींनी. कमल घरी पळत गेली आणि रांगोळीचा डबा घेऊन आली. फरशीवर हातभर अंतरानं होकायंत्र ठेवायचं, सुई जिकडे तोंड करील तिकडे रांगोळीची रेघ ओढायची, टोकाला बाण. आम्ही खोलीच्या दारापासून सुरुवात केली. दाराशी बाण नीट उत्तरेला. पुढे जरा कलले. आणखी पुढे वळले. भुईभर पांढरे बाण, आणि सगळे हळूहळू माना वळवून एकाच गोष्टीकडे बघायला लागलेले. ओट्याकडे.

तुम्ही त्या रांगोळीत मांडी घालून बसलात, पांढरंशुभ्र धोतर नेसून. होकायंत्र ओट्याच्या एका दगडाला लावलंत. सुई गर्रकन फिरली. दुसऱ्या दगडाला लावलंत, ती उलटी फिरली. तुमचा चेहरा मी विसरणार नाही. भीती नव्हती त्यावर, लाजही नव्हती. जत्रेत हरवलेल्या पोराला एकदम फुगेवाला दिसावा, तसा होता.

मग उठलात आणि हेडसरांना सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "सर, सुई खरी. खोटा मी. हा ओटा मीच बांधायला सांगितला. दगडातच चुंबक आहे, आणि मी तपासून बघितलं नाही."

हेडसर म्हणाले, "वस्तू नाही, तुमचा सल्ला खोटा निघाला. माझ्या हिशोबानं अटीत तेही बसतं."

"बसतं," तुम्ही हात जोडलेत. "मी पुन्हा पाय ठेवत नाही. पण कुलूप पोरांना कशाला? चोर तर त्यांनीच पकडला."

हेडसरांनी उघड्या कपाटाकडे एकदा पाहिलं. साहेब येऊन जाऊ देत, मग ठरवू, एवढंच म्हणाले. तुम्ही सूर्य मावळायच्या आत जेवणारे. त्या दिवशी या भानगडीत वेळ टळली आणि उपाशीच गाडीत बसलात. मी डब्यातली पोळी पुढे केली तर मान हलवलीत. खिडकीतून म्हणालात, "ताई, रांगोळी झाडू देऊ नका."

नाही झाडू दिली. साहेब आले. कमलनं अर्ध्या मराठीत अर्ध्या अहिराणीत त्यांना सगळं सांगितलं, आणि ते पुढे यायला लागले तशी म्हणाली, "साहेब, बूट काढा. खिळे शेतस त्याले." मी डोळेच मिटले. उघडले तर साहेब मोजे घालून गुडघ्यांवर, हातात होकायंत्र, एकेका बाणावर ठेवून बघतायत. चहा निवला. उरलेली तपासणी कशीबशी उरकली. जाताना त्यांनी हेडसरांना विचारलं, "हे कपाट नेहमी असंच उघडं असतं?"

आणि आमचे हेडसर, पापणी न लववता, "कायम, साहेब!"

हे मी तुम्हाला नंतर सांगितलं, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असताना तुम्ही टाळी दिलीत मला. हेडसरांचा निरोपही सांगितला होता: शेठना म्हणावं, पाय ठेवायचं नाही हे फार मनावर घेऊ नका.

ओटा राहिला. तराजू त्यावर, होकायंत्रं खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि आपला खरा वाद तिथून जुंपला, तो तुम्ही जाईपर्यंत. दगडात चुंबक आला कुठून? मी म्हणायची, जन्मजात. या दगडात लोखंड असतंच; तापलेला लाव्हारस निवला तेव्हाच पृथ्वीनं त्याला चुंबक केलं. तुम्ही म्हणायचात, वीज. टेकडी उंच, तिथे वीज पडणार, आणि वीज गेली की लोखंड चुंबक होतं, खिळ्याभोवती तार गुंडाळून पोरं करतात तसंच. "जन्मजात असेल तर सगळे दगड एकाच दिशेला ओढतील ना ताई? मग ओट्यातले दोन दगड सुईला उलटसुलट का फिरवतात?" मी म्हणायची, गवंड्यानं उलटसुलट बसवले म्हणून. तुम्ही ट्रंक उचलायचात, आणि पुढच्या खेपेला नवीन काहीतरी काढायचात.

शेवटी तुम्हीच मार्ग सांगितलात. टेकडीच्या पोटात जुनी खाण आहे. माथ्यावरचे दगड तपासायचे, आणि खाणीच्या तळातले तपासायचे. जन्मजात असेल तर दोन्ही सुईला ओढतील. वीज असेल तर माथ्यावरचेच. किती सोपं! आणि गेलो का आपण? कधी ऊन, कधी तुमचे गुडघे, कधी तुमची गाडी, कधी माझ्या परीक्षेचे पेपर. टेकडी कुठे पळून जाते, असं म्हणत राहिलो. टेकडी नाही पळाली, भाऊ.

एक गोष्ट मात्र कधी तोंडावर बोलले नाही. भांडायला माणूस मिळणं म्हणजे काय असतं ते तुमच्यामुळे कळलं. बाईमाणूस शास्त्राबद्दल बोलायला लागली की लोक एकतर कौतुकानं हसतात किंवा घड्याळ बघतात. तुम्ही माझं चुकलं की "चुकलं" म्हणायचात, आणि बरोबर असलं की चिडायचात. यापेक्षा जास्त मान मला कोणी दिला नाही. हे सांगायला हवं होतं. वाटायचं, सांगितलं तर तुम्ही वादात सूट द्यायला लागाल.

रजेचा अर्ज टाकून मी उठावण्याच्या शोकबैठकीला जळगावला आले. पांढऱ्या बैठकीवर तुमच्या व्यापारी मंडळींच्या मधोमध गावोगावचे मास्तर अवघडून बसलेले. वहिनी मला आत घेऊन गेल्या. रडून रडून डोळे सुजलेले, तरी म्हणाल्या, "ताई, घरात एक घड्याळ धड ठेवलं नाही हो यांनी. सगळी उघडून बघितली." आणि एकदम हसल्या. मग आम्ही दोघी किती वेळ हसत होतो आणि रडत होतो, कोण जाणे.

परत आले तर हेडसर प्रयोगशाळेच्या दारात. हातात ते कुलूप. "बाई, भाऊंच्या आठवणीत आज एक दिवस कपाट बंद ठेवू. मान म्हणून."

माझा तोल गेला. "सर, त्या माणसानं जन्म घालवला कुलपं काढण्यात. त्याला मान द्यायचा तो कुलूप लावून?"

त्यांनी कुलूप हातात एकदा उलटं फिरवलं. मग ते खिशात टाकलं आणि म्हणाले, "मग काय करायचं म्हणता?"

"टेकडीवर जायचं," मी म्हटलं.

सगळी होकायंत्रं घेऊन सगळा वर्ग निघाला. हेडसरसुद्धा, धापा टाकत. आधी खाणीत उतरलो. तळातल्या दगडांना होकायंत्र लावलं. सुई केसभर हलली आणि पुन्हा जागेवर. मग माथ्यावर चढलो. अहो भाऊ, काय सांगू! एका दगडापाशी सुई पूर्वेला, हातभर पुढच्या दगडापाशी पश्चिमेला, तिसऱ्यापाशी चक्क दक्षिणेला. तिथे दगड गवंड्यानं बसवले नव्हते. पोरं इकडून तिकडे ओरडत पळत होती. यमुना नावाची मुलगी आहे यंदाच्या वर्गात, शांत, कधी फार बोलत नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमनं चुकनं. भाऊनं खरं शे."

मी एका दगडावर बसले आणि पोरांसमोर, हेडसरांसमोर, धाय मोकलून रडले. हरले म्हणून नव्हे. हरल्याचं तुमच्या तोंडावर सांगता येत नाही म्हणून.

नंतर तिथेच सावली बघून प्रयोगवह्या काढल्या. साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं लिहून झालं. निष्कर्षापाशी मी म्हटलं, "लिहा. टेकडीतलं चुंबकत्व विजेमुळे आलं आहे, हे शांतीभाऊंचं म्हणणं खरं ठरलं." मला तुमचं नाव पोरांच्या वहीत हवं होतं. तेवढीच माझी श्रद्धांजली.

सगळे लिहायला लागले. यमुनानं पेन खाली ठेवलं.

"लिही ना गं," मी म्हटलं.

"नही बाई," ती म्हणाली. "एकच टेकडी देखीसन कसं लिखू?"

हेडसर तिच्याकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. बाकीच्या पोरांचे हातही थांबले. मी तिची वही बघितली, निष्कर्षाची ओळ कोरी. शांतीभाऊ, मी तुम्हाला जिंकवायला निघाले होते, आणि पुरावा कमी पडतो म्हणून एका पोरीनं ते वाक्य मला परत केलं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो ज्याला सांगायचा तो माणूसच आता नाही.